साडेतीन टक्क्यांची तीस वर्षे

१८९६च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने कलकत्त्याला कापडावरच्या करांचा एक कायदा मंजूर केला. विलायतेहून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयात जकात बसेल आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्केच अबकारी कर बसेल, असा त्याचा आशय होता. मँचेस्टरचा कारखानदार आणि मुंबईचा गिरणीमालक यांना सरकारने एकाच मापाने मोजले आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही, असे समर्थन त्या वेळी झाले.

सरकार परदेशी मालावर जकात बसवते ती महसुलासाठी किंवा देशी उद्योगाला आडोसा मिळावा म्हणून. आपल्या जकातीचा फायदा आपल्याच माणसाला होऊ नये यासाठी त्याच्यावरही तेवढाच कर लादणारे सरकार इतिहासात क्वचितच सापडेल. हा कर जवळजवळ तीस वर्षे टिकला. रक्कम फार मोठी नव्हती, पण जागतिक व्यापाराकडे पाहण्याची हिंदी माणसाची नजर या करामुळे जेवढी घडली तेवढी दुसऱ्या कोणत्याही करामुळे घडली नाही. त्या घडणीचा मोठा भाग मुंबईच्या गिरणगावात आणि पुण्याच्या सभांमध्ये पार पडला. ‘तुम्ही जेवढी जकात लावाल तेवढीच आम्ही लावू’ ही भाषा आज पुन्हा ऐकू येते आहे. अशा वेळी ही हकिकत पहिल्यापासून सांगायला हवी.

खुल्या व्यापाराआधीचे इंग्लंड

खुल्या व्यापाराचा मंत्र इंग्लंडने जन्मापासून जपला होता असे नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचे छापील सुती कापड लंडनच्या बाजारात इतके लोकप्रिय झाले, की तिथले लोकर आणि रेशमाचे विणकर रस्त्यावर उतरले. पार्लमेंटने १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली कायदे करून हे कापड विकण्यावर आणि वापरण्यावर बंधने घातली. त्या भिंतीआड लँकेशायरचा सूतधंदा वाढला. पुढे वाफेची यंत्रे आली आणि जगात कोणाला हार जाणार नाही इतके स्वस्त कापड मँचेस्टर परिसरात तयार होऊ लागले. मग १८४६ साली इंग्लंडने धान्यावरची संरक्षक जकात काढून टाकली आणि खुला व्यापार हे राष्ट्रीय धोरण ठरवले. अशक्त असताना दार लावायचे आणि बळ आल्यावर सर्वांची दारे उघडायला लावायची, असा हा क्रम होता. हिंदुस्थानच्या वाट्याला त्याचा दुसरा भाग तेवढा आला.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची सूतगिरणी सुरू झाली. कापूस जवळ, बंदर दाराशी आणि घाटावरून नि कोकणातून येणारी माणसे हाताशी असल्याने धंद्याने मूळ धरले. त्याच सुमारास १८५७च्या उठावाचा खर्च सरकारच्या अंगावर आला. तिजोरी भरण्यासाठी आयात जकात दहा टक्क्यांपर्यंत चढवण्यात आली. १८६२ साली ती उतरली आणि कापडावर पाच टक्के, सुतावर साडेतीन टक्के असा दर कायम झाला. ही जकात निव्वळ महसुलासाठी होती, पण मँचेस्टरच्या नजरेला ती खुपू लागली.

ते खुपणे कितपत रास्त होते हे कळण्यासाठी सुताच्या नंबराची भानगड समजून घ्यायला हवी. एक रतल, म्हणजे पौंडभर, सुतात ८४० यार्ड लांबीच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत म्हणजे एका रतलात सोळा हजार आठशे यार्ड. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. वऱ्हाड-खानदेशचा कापूस आखूड धाग्याचा असल्याने त्याचे वीस नंबरच्या आसपासचे जाडेभरडे सूत चांगले निघे, त्याहून फार बारीक निघणे अवघड होते. मुंबईच्या गिरण्या बहुतेक हेच सूत काढत. त्यातले बरेचसे चीनला जाई आणि बाकीच्यातून शेतकऱ्या-मजुरांच्या अंगावरचे धोतर, लुगडे, चादर तयार होई. लँकेशायरचा मुख्य माल होता बारीक सुताचा. दोघांचे गिऱ्हाईक बऱ्याच अंशी वेगळे होते. त्यामुळे या जकातीने मुंबईला मोठे संरक्षण मिळते आणि मँचेस्टर बुडते, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नव्हते.

तरीही १८७४ साली मँचेस्टरच्या चेंबर ऑफ कॉमर्सने भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, की ही जकात म्हणजे हिंदी गिरण्यांना दिलेले संरक्षण आहे, ती रद्द करा. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी महसूल सोडायला नकार दिला. मात्र १८७५च्या कायद्यात त्यांनी बाहेरून येणाऱ्या लांब धाग्याच्या कापसावर पाच टक्के जकात बसवली. बारीक सूत काढायचे तर मुंबईच्या गिरण्यांना हा कापूस आणावा लागला असता, म्हणजे त्यांची पुढची पायरीच महाग झाली. मँचेस्टरचे तेवढ्याने समाधान झाले नाही. भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांचा दबाव वाढत गेला आणि १८७६ साली नॉर्थब्रुक पद सोडून गेले. जुलै १८७७मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला, की हिंदुस्थानातली सुती मालावरची जकात संरक्षक स्वरूपाची आहे आणि तिथली आर्थिक स्थिती परवानगी देईल तितक्या लवकर ती रद्द व्हावी.

त्या वेळी दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ चालू होता. पाठोपाठ अफगाण युद्धाचा खर्च आला. आर्थिक स्थिती परवानगी देते आहे असे कोणी म्हणू शकले नसते. तरीही मार्च १८७९मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी तीस नंबरपर्यंतच्या सुताचे कापड जकातमुक्त केले. त्यांच्या कार्यकारी मंडळातले बहुसंख्य सदस्य विरोधात होते. ते सगळे इंग्रज अधिकारीच होते, पण आपल्या खास अधिकारात लिटन यांनी त्यांचे मत बाजूला सारले. १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत मीठ, दारू असे मोजके जिन्नस वगळता सगळीच आयात जकात उठली. खुल्या व्यापाराचे इतके पूर्ण पालन इंग्लंडबाहेर कुठे झाले असेल तर ते हिंदुस्थानात, आणि इथल्या लोकांचे मत त्यासाठी विचारले गेले नव्हते.

रुपया घसरला, जकात परतली

ही व्यवस्था मोडली ती रुपयामुळे. रुपया चांदीचा, इंग्लंडचे चलन सोन्याचे. १८७३नंतर चांदीचे भाव कोसळत गेले. दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९४-९५पर्यंत एक शिलिंग एक पेनीच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला कर्जावरचे व्याज, निवृत्तिवेतने, लष्करी खर्च पौंडांत भरावा लागे. तोच पौंड आता कितीतरी जास्त रुपये खाऊ लागला. अर्थसंकल्पात तूट आली. मार्च १८९४मध्ये सरकारने पाच टक्के आयात जकात पुन्हा सुरू केली, पण सुती मालाला तिच्यातून वगळले. सर्वांत जास्त येणारा मालच सोडून दिल्यावर तिजोरी भरणार कशी? अखेर डिसेंबर १८९४मध्ये सुती मालावरही पाच टक्के जकात बसली आणि तिच्या जोडीला एक अट आली. हिंदी गिरण्यांनी वीस नंबर आणि त्यावरचे सूत काढले तर त्यावर पाच टक्के अबकारी कर द्यायचा. आयात जकातीने मिळू शकणारा लाभ या कराने फिटावा अशी योजना होती.

लँकेशायरला हेही पुरेसे वाटले नाही. फेब्रुवारी १८९५मध्ये सर हेन्री जेम्स यांनी कॉमन्समध्ये प्रश्न उपस्थित केला. तेव्हाचे भारतमंत्री हेन्री फाउलर यांनी हिंदुस्थानची बाजू इतक्या ठामपणे मांडली, की सभागृहाने जेम्स यांचे म्हणणे फेटाळले. पण काही महिन्यांतच सरकार बदलले. निवडणुकीत लँकेशायरच्या जागा मोलाच्या होत्या. नवे भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मागणी मान्य केली आणि फेब्रुवारी १८९६चा कायदा आला. सूत दोन्हीकडून मुक्त झाले. बाहेरच्या कापडावरची जकात पाचावरून साडेतीन टक्क्यांवर उतरली. देशी गिरण्यांच्या कापडावर मात्र जाडेभरडे असो की तलम, सरसकट साडेतीन टक्के कर बसला. फक्त हातमाग सुटला.

कागदावर दोन्हीकडे साडेतीन टक्के होते. प्रत्यक्षात विलायती तलम कापड घेणाऱ्याचा कर कमी झाला आणि आजवर ज्याच्या धोतरावर हा कर नव्हता त्या शेतकऱ्याच्या धोतरावर तो बसला. रमेशचंद्र दत्त यांनी व्हिक्टोरियाकालीन आर्थिक इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात या कायद्याची सविस्तर चिरफाड केली आहे. जाड्या कापडात मँचेस्टरशी स्पर्धाच नसताना तिथे ‘समतोल’ साधायचा कशासाठी, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. शिवाय हा कर नफ्यावर नव्हता, विणलेल्या मालावर होता. गिरणी तोट्यात चालली तरी कापड बाहेर पडले की कर भरायचाच. कायदा होऊन वर्ष उलटण्याआधीच मुंबईत प्लेग शिरला. लाखो माणसे शहर सोडून गावी पळाली, साचे बंद पडले, दुष्काळाने गिऱ्हाईकही आटले. त्या काळातही करात सूट मिळाली नाही.

पुण्याने काढलेला अर्थ

या घटनांचा अर्थ लावण्याचे काम महाराष्ट्रात आधीपासून चालू होते. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी स्वदेशीचे व्रत घेतले होते. १८७७च्या दिल्ली दरबाराला ते सभेच्या वतीने हातसुताच्या खादीच्या वेषात हजर राहिले. काकांची कृती प्रतीकात्मक होती, तिला शास्त्राचा आधार दिला न्यायमूर्ती रानड्यांनी. १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी मांडले, की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळी लागू पडतात असे मानणे चूक आहे. जर्मन विचारवंत फ्रेडरिक लिस्ट यांच्या विचारांचा रानड्यांवर प्रभाव होता. उद्योगांत मागे पडलेल्या देशाला काही काळ राज्यसत्तेचा हात लागतो, हे त्यांच्या मांडणीचे सार होते. रानडे व्यापाराच्या विरोधात नव्हते. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे पाहून आपले धोरण आपण ठरवावे, एवढीच त्यांची मागणी होती.

१८९६च्या कायद्याने रानड्यांचे शास्त्र रस्त्यावर आणले. टिळक तेव्हा मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. ‘केसरी’ने विलायती कापडावरच्या बहिष्काराचा पुरस्कार केला. पुण्यात आणि महाराष्ट्रातल्या इतर गावांत विद्यार्थ्यांनी परदेशी कापडाच्या होळ्या केल्या. बंगालच्या फाळणीनंतरची स्वदेशी चळवळ सर्वांच्या लक्षात आहे, पण तिच्या नऊ वर्षे आधी, एका अबकारी करावरून, मराठी मुलखात बहिष्काराची तालीम झाली होती. १९०५च्या ऑक्टोबरात विनायक दामोदर सावरकरांच्या पुढाकाराने पुण्यात पेटलेल्या होळीमागे ही आठवण होती.

या चळवळीला एक दुखरी बाजूही होती. १९०५नंतर देशी कापडाची मागणी वाढली तशा मुंबईच्या गिरण्यांनी किमती चढवल्या. स्वदेशीसाठी झळ सोसणाऱ्या बंगाली गिऱ्हाइकाला त्या झोंबल्या. देशी उद्योगाला आडोसा मिळाला की त्याचा लाभ आपोआप जनतेपर्यंत पोहोचतो, हे गृहीत धरता येत नाही, असा धडा त्यात होता. तो तेव्हा नीट शिकला गेला नाही.

इंग्लंडचा पवित्रा बदलू लागला

इकडे खुल्या व्यापाराच्या माहेरघरी शंका डोकावू लागल्या होत्या. जर्मनी आणि अमेरिका जकातीच्या भिंती उभारून पुढे निघाल्या होत्या. मे १९०३मध्ये बर्मिंगहॅमच्या भाषणात जोसेफ चेंबरलेन यांनी सुचवले, की साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना जकातीत सवलत द्यावी आणि बाहेरच्यांना जशास तसे उत्तर द्यावे. हिंदुस्थानला त्यात काय मिळेल, याचे उत्तर लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातल्या खलित्यात दिले. हिंदुस्थानकडे देण्यासारखे थोडेफार आहे, पण मोबदल्यात मिळण्यासारखे फार कमी आणि गमावण्यासारखे पुष्कळ, असा त्याचा निष्कर्ष होता. हिंदुस्थानचा कापूस, ताग, तेलबिया साम्राज्याबाहेरही मोठ्या प्रमाणावर जात. त्या देशांनी उलट जकात लावली तर नुकसान इथल्या शेतकऱ्याचे होणार होते. परतफेडीची जकात मारामारी करणाऱ्यांपेक्षा तिसऱ्यालाच लागते, हे त्या खलित्यात स्वच्छ दिसले होते.

चेंबरलेन यांची मोहीम १९०६च्या निवडणुकीत हरली. पण पहिल्या महायुद्धाने परिस्थिती बदलली. १९१७ साली हिंदुस्थान सरकारने युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंडांचे ओझे उचलले आणि त्यासाठी कापडावरची आयात जकात साडेतीनवरून साडेसात टक्के केली. अबकारी कर साडेतीनच राहिला. म्हणजे दोहोंत पहिल्यांदाच चार टक्क्यांचे अंतर पडले. लँकेशायरचे शिष्टमंडळ भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना भेटले. ते जोसेफ चेंबरलेन यांचेच चिरंजीव. त्यांनी माघार घेतली नाही. युद्धासाठी माणसे आणि पैसा मागायचा आणि वर जुनी सक्तीही चालू ठेवायची, हे आता शक्य राहिले नव्हते.

१९१९च्या सुधारणांच्या वेळी पार्लमेंटच्या संयुक्त समितीने शिफारस केली, की जकातीच्या बाबतीत हिंदुस्थान सरकार आणि इथले कायदेमंडळ यांचे एकमत असेल तर लंडनने शक्यतो हात घालू नये. १९२१ साली कापडावरची जकात अकरा टक्के झाली. लँकेशायरचे लोक भारतमंत्री मॉंटेग्यू यांच्याकडे गेले, त्यांनी या नव्या संकेताकडे बोट दाखवले. त्याच वर्षी मुंबईचे इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली फिस्कल कमिशन नेमले गेले. पारखून, निवडक उद्योगांना मर्यादित काळ संरक्षण द्यावे, अशी शिफारस कमिशनने केली. रहिमतुल्ला आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून याहून मोकळ्या हाताने संरक्षण मागितले. रानड्यांच्या व्याख्यानातला विचार तीस वर्षांनी सरकारी अहवालात उतरला.

साडेतीन टक्क्यांचा कर मात्र अजून जिवंत होता आणि तो गेला तो गिरणगावाच्या उपासमारीतून. युद्धानंतरची तेजी ओसरली, जपानी माल बाजारात येऊ लागला, मालकांनी १९२५ साली साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली. सप्टेंबरच्या मध्यापासून सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. परळ-लालबागच्या चाळी रिकाम्या झाल्या. कित्येक साचेवाले गाठोडे बांधून रत्नागिरी-साताऱ्याच्या वाटेला लागले, कारण गावी निदान भाकरी होती. सरकारने अबकारी कर उठवला तर कपात मागे घेऊ, असे मालकांचे म्हणणे होते. म्हणजे सरकारशी असलेल्या भांडणात ओलीस ठेवला गेला तो कामगार. अडीच महिने तो डगमगला नाही. नोव्हेंबर संपता संपता व्हाइसरॉयनी कराची वसुली थांबवली, मालकांनी कपात मागे घेतली, कामगार कामावर परतले आणि १९२६ साली कर कायमचा रद्द झाला. ज्या कराविरुद्ध रानडे-टिळकांच्या पिढीने लेखणी आणि वाणी झिजवली, त्याचा शेवट कोकणातल्या आणि घाटावरच्या अनाम माणसांनी पोटाला चिमटा घेऊन घडवला. या लढाईच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या ओळीत असायला हवे.

जशास तसेचे दशक

यानंतर पाच वर्षांत साऱ्या जगाचेच मत पालटले. मंदीने घेरलेल्या अमेरिकेत हजारावर अर्थशास्त्रज्ञांचा विरोध डावलून जून १९३०मध्ये स्मूट-हॉली कायदा झाला आणि जकाती चढल्या. कॅनडासारख्या देशांनी उलट जकाती लावल्या. १९२९ ते १९३३ या काळात जगाचा व्यापार किमतीच्या हिशेबाने जवळजवळ एक तृतीयांशावर आला. १९३२च्या सुरुवातीला खुद्द ब्रिटनने बहुतेक आयातीवर सरसकट दहा टक्के जकात बसवली. अर्थमंत्री होते नेव्हिल चेंबरलेन, जोसेफ यांचे धाकटे पुत्र. हिंदुस्थानवर लादलेले तत्त्व इंग्लंडने स्वतःच खाली ठेवले.

हिंदुस्थानातही १९३० साली सुती उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. ब्रिटिश मालावर पंधरा टक्के, इतरांच्या मालावर वीस टक्के. या फरकात साम्राज्याला मागच्या दाराने दिलेली सवलत दिसल्याने मदनमोहन मालवीयांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी सविनय कायदेभंगाची लाट आली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाने भरलेला ट्रक निघाला. बाबू गेनू सैद हा पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा तरुण गिरणी कामगार त्याच्या वाटेत आडवा झाला. ट्रक त्याच्या अंगावरून गेला. आकडेवारीत मावणारा जकातीचा वाद एका माणसाच्या आयुष्यात कुठवर जाऊन पोहोचतो, हे त्या दिवशी मुंबईने पाहिले.

लँकेशायरनंतरचा प्रतिस्पर्धी जपान होता. डिसेंबर १९३१मध्ये जपानने सुवर्णमान सोडला, येन घसरला आणि जपानी कापड कमालीचे स्वस्त झाले. हिंदुस्थानने ब्रिटनबाहेरच्या कापडावरची जकात ऑगस्ट १९३२मध्ये पन्नास आणि जून १९३३मध्ये पंच्याहत्तर टक्के केली. जपानच्या गिरण्यांनी उत्तर दिले: हिंदुस्थानचा कापूस घेणार नाही. आणि जपान हे आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. मुंबईच्या गिरण्यांना हवी असलेली भिंत वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याच्या अंगावर कोसळण्याची वेळ आली. कर्झनच्या खलित्यातली भीती तीस वर्षांनी खरी ठरत होती.

तेव्हा सिमला आणि दिल्ली इथे महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या. हिंदुस्थानच्या बाजूने नेतृत्व करत होते व्यापार खात्याचे सदस्य सर जोसेफ भोर, नाशिकात जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. जानेवारी १९३४मध्ये तोडगा निघाला. हिंदुस्थानने जकात पन्नास टक्क्यांवर आणायची. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घेतला तर त्याला साडेबत्तीस कोटी यार्ड कापड पाठवता येईल. त्यापुढे गाठींमागे यार्ड वाढत जाऊन पंधरा लाख गाठींना चाळीस कोटी यार्डांची मर्यादा. कापसाच्या गाठीला कापडाचे यार्ड बांधून टाकण्याची ही तरतूद म्हणजे परस्परतेचा खरा नमुना होता. १८९६च्या कायद्यात दोन्हीकडे एकच आकडा होता, पण दोन्ही आकडे एकाच बाजूने लिहिलेले होते. १९३४च्या करारातले आकडे वेगवेगळे होते, पण दोन्ही बाजूंनी घासाघीस करून ठरवलेले होते. देश तेव्हाही परतंत्र होता, तरी जकात ठरवताना वऱ्हाडच्या कापसाचा विचार झाला, हा फरक लहान नाही.

याच सुमारास, ऑक्टोबर १९३३मध्ये, मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाशी, म्हणजे विल्यम क्लेअर-लीस यांच्याशी, स्वतंत्र करार केला आणि ब्रिटिश मालाला सवलत देऊ केली. राष्ट्रवादी मंडळींनी त्याला विश्वासघात म्हटले. गिरणीमालकांचे हित आणि देशाचे हित हे शब्द त्याआधी जोडीने उच्चारले जात. या करारानंतर ती जोडी पूर्वीसारखी राहिली नाही.

काय मिळाले, काय मागे राहिले

परिणामांचा हिशेब एकरंगी नाही. १९१३ साली ब्रिटन हिंदुस्थानला सुमारे तीनशे कोटी यार्ड कापड पाठवत होते, १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या एक पंचमांशही उरले नव्हते. ती जागा देशी गिरण्यांनी, हातमागाने आणि काही प्रमाणात जपानने घेतली. १९३२ साली साखरेला संरक्षण मिळाले आणि पाचेक वर्षांत देशातले साखर कारखाने तिसाच्या आसपास होते ते सव्वाशेच्या वर गेले. निरा आणि प्रवरा खोऱ्यांतल्या ऊसशेतीने त्याच काळात बाळसे धरले.

झळही अनेकांना बसली. १९२७नंतर परदेशी सुतावरची जकात वाढली तेव्हा सोलापूर, मालेगाव, इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या मागावाल्यांचा कच्चा माल महागला. गिरणीचे संरक्षण ते मागाचे ओझे, अशी स्थिती झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांना १९२८ साली पुन्हा सहा महिने संप करावा लागला, कारण संरक्षण मिळालेल्या धंद्यातही कपातीची कुऱ्हाड त्यांच्यावरच येत राहिली.

आणखी खोलवरचा परिणाम देशाच्या मनोवृत्तीवर झाला. १९४७ साली जकातींविषयीचा सर्वसाधारण करार, म्हणजे गॅट, झाला तेव्हा त्याच्या तेवीस संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे व्यापाराची दारे बंद करायचा आपला विचार नव्हता. तरीही खुल्या व्यापाराच्या नावाखाली झालेला अन्याय आपण विसरलो नव्हतो. त्या अविश्वासातून परवाने आणि उंच जकातींची व्यवस्था उभी राहिली. सुरुवातीला तिने कारखाने उभे केले, पुढे तिच्या सावलीत मरगळ आणि वशिला माजला. १९९१ साली परकीय चलनाच्या टंचाईने ती मोडायला लावली. रानड्यांनी संरक्षण मागितले होते ते काही काळापुरते. ‘काही काळ’ संपला हे कळायला आपल्याला उशीर झाला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

२०२५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने ‘परस्पर’ आयातशुल्क जाहीर केले आणि ऑगस्ट संपता संपता भारताच्या अनेक मालांवरचा बोजा पन्नास टक्क्यांवर गेला. जागतिक व्यापाराचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता देश भिंती बांधू लागला, हे दृश्य १९३२च्या ब्रिटनची आठवण करून देते. रागाच्या भरात तेवढीच जकात उलट लावणे सोपे असते, आणि दबावाखाली दारे सताड उघडणेही. आपल्या इतिहासाने या दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. १९३४च्या टेबलावर जे थोडेफार हाती लागले ते यामुळे, की भिंतीचा फायदा कोणाला आणि तिचा भार कोणावर हा प्रश्न तिथे नावनिशीवार विचारला गेला: गिरणीला किती, कापूसवाल्याला किती. आज भारताचे वाटाघाट करणारे अधिकारी कोणत्याही देशासमोर बसतात तेव्हा टक्क्यांच्या जोडीला हाच प्रश्न त्यांच्या हातात हवा. त्याचे उत्तर संसदेत आणि लोकांसमोर मांडले गेले पाहिजे, कारण १८९६ साली जो निर्णय आपल्याला न विचारता झाला तो विचारून घेण्याचा हक्क पुढच्या दोन पिढ्यांनी झगडून मिळवला आहे. तो वापरला नाही तर दर कितीही समान असले तरी ते आपले नसतील.